प्रॉम्प्टरची पक्की नोकरी

२ नोव्हेंबर, रविवार

काल स्वप्निल कंस बोलला!

दुसरा अंक. बाप मरायला टेकलेला. स्वप्निल हिरो, म्हणजे मुलगा. माझ्या वहीत लिहिलं आहे – कंसात 'हुंदका आवरत', आणि पुढे 'बाबा, तुम्ही मला सोडून जाऊ नका!' कंसातलं मनात वाचायचं असतं, हे मला चौथीपासून माहीत आहे. पण त्याच वेळी डास नाकात गेला आणि कंस तोंडातून निघाला. स्वप्निलने हात वर केला, प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि गरजला – "हुंदका आवरत! बाबा, तुम्ही मला सोडून जाऊ नका!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टीही मारली.

चूक माझी. त्याला दोष नाही. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या हंगामात रोज नवं गाव, नट दहा गावांचे. कुणी मोटरसायकलवर येतो, कुणी शेवटच्या बसने. तालीम करायला सवड कुणाला? स्टेजपुढे खड्डा असतो, त्यात मी बसतो. मी बोलतो, ते ऐकतात, तेच वर बोलतात. मी एक वाक्य पुढे, ते एक वाक्य मागे. माझ्या तोंडून शिंक निघाली तर वर शिंकतील.

कंपनीचे मालक दुलीचंदभाऊ यांच्याकडे माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "माफी कायची बे? टाळी पडली ना! उद्या बी तसंच म्हणजो."

म्हणजे आता चूक रोज करायची. जाणूनबुजून! 

४ नोव्हेंबर, मंगळवार

घरी. बाबा जेवताना बोलत नाहीत, पण आज बोलले. "पाहुण्याइले काय सांगू मी? पोरगा काय करते? खड्ड्यात बसते?"

आई म्हणाली, "नाटकात आहे म्हणा."

"म्हटलं ना! तर विचारतेत, कोणता पार्ट करते. मंग काय सांगू? सगळ्याइचे पार्ट करते, पण दिसत नाही?"

खरं तर हे अगदी बरोबर वर्णन आहे. मी तसं म्हणालो. बाबांनी वरणाची वाटी सरकवली.

दुपारी तालुक्याला रोजगार मेळावा होता, तिथे गेलो. बाबांनीच पाठवलं. दारावरच्या बॅनरवर 'मार्गदर्शन' चुकीचं लिहिलं होतं. मी पेनने दुरुस्त केलं. तेवढ्यात रांग पुढे गेली आणि माझा नंबर गेला. शेवटी नागपूरच्या समुपदेशक मॅडमपुढे बसायला मिळालं. त्यांनी विचारलं, "कोणतं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहत नाही?"

मी म्हणालो, "माझं कामच वेळेचं भान ठेवण्याचं आहे, मॅडम. एक क्षण उशीर झाला की नट उघडा पडतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, डोळे मिटा आणि पाच वर्षांनंतरचे तुम्ही डोळ्यांपुढे आणा. मी आणला. तोच खड्डा, फक्त बुडाखाली चांगली गादी. फार बरं वाटलं. मग भीती वाटली, की एवढ्यातच बरं कसं वाटलं?

मॅडम म्हणाल्या, माणूस काम निवडतो असं त्याला वाटतं, पुष्कळदा भीती निवडते किंवा शेजारी निवडतात. त्यासाठी रोज लिहा, आणि दिवसाच्या आनंदाला दहापैकी गुण द्या.

रोज लिहितोच. पण गुण कसे द्यायचे? दहा म्हणजे कोणता दिवस? तो आधी यायला हवा, तर त्याच्या मानाने बाकीचे मोजता येतील. तोपर्यंत सगळ्या दिवसांना पाच द्यावेत. कुणावर अन्याय नको.

आज पाच.

८ नोव्हेंबर, शनिवार

वीरेंद्रमामाचा गोंदियाहून फोन. दोन बातम्या आणि दोन्ही एका दमात. एक – तो ज्या राईस मिलमध्ये वजनकाट्यावर आहे तिथे गेटवर माणूस हवा आहे, पक्की नोकरी. दोन – बोदलकशाजवळच्या एका गावी मुलगी आहे, हर्षा. तिच्या वडिलांना, यादोरावांना, पक्की नोकरीवाला जावई हवा आहे.

"दोन्हीची गाठ मारून टाकतो भाचा," मामा म्हणाला. "उद्या पोरगी पाहू, पुढच्या हप्त्यात नोकरी."

मी विचारलं, "आधी नोकरी नको का?"

"तू बारावी नापास आहेस. तू क्रम नको सांगू."

पाच. (साडेचार देणार होतो.)

९ नोव्हेंबर, रविवार

लिहिताना अजून कान गरम आहेत. क्रमाने लिहितो.

मी, बाबा, आई, मामा. यादोरावांचं अंगण सारवलेलं, खुर्च्या मांडलेल्या. पोहे आले. हर्षा आली. समोर बसली. निळी साडी. मामाने विचारायला सुरुवात केली.

"काय काय बनवता येते बाई?"

ती गप्प. उत्तर येत नव्हतं असं नाही, आता वाटतं, प्रश्नाचा राग आला असावा. पण तेव्हा ते कसं कळणार? मला फक्त शांतता ऐकू आली. समोर माणूस आहे, सगळे त्याच्याकडे पाहत आहेत, आणि वाक्य येत नाही. माझं तोंड आपोआप उघडलं. अगदी हळू – "वरण, भात, पोळी, भाजी..."

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. सरळ. मग मामाकडे वळून म्हणाली, "वरण, भात, पोळी, भाजी."

"वा! अन् आवड कायची?"

शांतता. मी जीभ चावली, शपथ! पण निघालंच – "वाचनाची, विणकामाची आणि थोरामोठ्यांची सेवा करण्याची."

"वाचनाची, विणकामाची आणि थोरामोठ्यांची सेवा करण्याची," ती म्हणाली. एक शब्द इकडेतिकडे नाही. स्वप्निलला सहा वर्षांत इतकं स्वच्छ कधी बोलता आलेलं नाही.

आईने डोळ्याला पदर लावला. मामा अभिमानाने फुगला. म्हणाला, "एकत्र घरात राहाले जमन ना?"

आणि मी, घाबरून, कंसासकट बोललो.

हर्षा म्हणाली, "मान खाली घालून, हो."

मान मात्र तिने खाली घातली नाही. माझ्याकडेच पाहत होती.

यादोराव हसले. "लाजून राहिली जी पोरगी, काही बी बोलून राहिली." मग माझ्याकडे वळले. "पोरगा चांगला दिसते. शांत आहे. नोकरीचं काय?"

मामा म्हणाला, "झाल्यातच जमा आहे."

"मंग झाली का सांगा. नोकरी पक्की तर लग्न पक्कं. नाही तर पोहे खाल्ले असं समजू."

परत येताना बाबा म्हणाले, "बोलली चांगली पोरगी." आई म्हणाली, "अगदी आपल्या मनातलं बोलली." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

गुण देत नाही. द्यायची हिंमत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

हर्षाचा मेसेज!! नंबर मामाकडून घेतला म्हणे.

"काल मी जे बोलले ते तुम्ही बोलले. माझं बोलायचं अजून बाकी आहे."

दोन्ही वाक्यांना पूर्णविराम होता. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. मी मेसेज पुन्हा पुन्हा वाचला, आणि दर वेळी बरोबरच होता.

उत्तर काय द्यायचं? दुपारभर विचार केला. मला कुणी सांगणारं नाही. शेवटी लिहिलं – "बोला." मग ते तोडून टाकल्यासारखं वाटलं. मागोमाग पाठवलं – "जी."

११ नोव्हेंबर, मंगळवार

ती बोलली. मी ऐकलं. बराच वेळ.

तिला विणकाम येत नाही आणि शिकायचंही नाही. पोळी तिची कोणत्याही आकाराची होते. ती तिरोड्याला एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करते, आणि तिला सगळ्यात कशात मजा येते तर मध्ये घुसणाऱ्या गिऱ्हाइकाला मागे पाठवण्यात. "मले लोकाइले लाइनीत उभं कराले आवडते," ती म्हणाली. "हसा, हसाचं असन तर."

मी हसलो नाही. मला ते फार समजण्यासारखं वाटलं.

मग तिने विचारलं, "अन् तुम्हाले काय आवडते?"

मी गप्प.  एवढ्या शांततेत मी वर तीन पानं बोलवून घेतली असती.

"सांगू का मी?" ती म्हणाली. "खड्ड्यात बसाले आवडते ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग त्यात लाजाचं काय आहे?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. सगळे विचारतात, त्यात काय आहे. लाजायचं काय आहे हे कुणी विचारत नाही.

सहा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सहा दिल्याने पाचांच्या सगळ्या दिवसांवर अन्याय झाला. पण आता खोडत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलाखत झाली. नोकरी मिळाली. कशी मिळाली ते लिहितो, म्हणजे माझं मलाही कळेल.

मिलचे मॅनेजर साहेब गोंदियाचेच. एरवी हिंदीत बोलतात, भराभर. पण कामकाजाचं काही असलं की त्यांना शुद्ध मराठीत बोलायची हौस आहे. टेबलामागे बसले, खाकरले, आणि सुरू झाले.

"आमच्या संस्थेमध्ये शिस्तीला फार... फार..."

थांबले. पंखा फिरत होता.  मी मनात म्हटलं, जागेश्वर, गप्प. तुझं काम नाही.

"महत्त्व," मी म्हणालो.

"महत्त्व आहे! आणि गेटवरचा माणूस म्हणजे या मिलचा... वो क्या..."

"चेहरा."

"चेहरा! वाह. म्हणून आम्हाला हवा आहे एक... एक..."

"प्रामाणिक, होतकरू."

"प्रामाणिक, होतकरू तरुण." साहेबांना आता लय सापडली होती. खुर्चीतून अर्धे उठले. स्वप्निलही असाच उठतो. "आणि म्हणून या जागेवर आम्ही तुम्हाला..."

बाकीचं मी अगदी सवयीने दिलं. "नियुक्त करीत आहोत."

"नियुक्त करीत आहोत!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. मग खाली बसले आणि थोडे चकित दिसले.

बाहेर मामा उभा. "काय विचारलं?"

"काहीच नाही."

"मंग तू काय सांगितलं?"

"सगळं."

मामाने पाठीवर थाप मारली. घरी फोन, यादोरावांना फोन, सगळीकडे आनंद. दुलीचंदभाऊंनी मात्र फोनवर उरलेले प्रयोग मोजले. मग म्हणाले, "अन् आमचं कसं होईन रे?"

हा प्रश्न डोक्यातून जात नाही – ही नोकरी साहेबांनी दिली की मी घेतली?

१७ नोव्हेंबर, सोमवार

रुजू झालो. गोंदियात मामाकडे राहतो. गेटला लागून केबिन आहे. ट्रक येतो, धानाचे कट्टे, म्हणजे पोती भरलेला, मी नंबर लिहितो, गेटचा आडवा दांडा वर करतो. ट्रक जातो. दांडा खाली.

दांडा खाली राहिला पाहिजे, हे साहेबांनी दोनदा सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ट्रकवाल्यांना काय बोलायचं ते ठाऊक असतं. हीच अडचण आहे. "साठ नंबर, तिरोडा, कट्टे भरपूर, दांडा उठाव." संपलं. आज एक ड्रायव्हर जांभई देताना जरा थांबला, तर मी लगेच म्हणालो – "तिरोडा." तो म्हणाला, "तेरे को क्या मालूम? मैं आमगाँव से आया." मागच्याने हॉर्न दिला.

वाईट काही नाही. डबा आहे, पंखा आहे, सावली आहे. मामा येता-जाता अभिमानाने पाहतो. आई फोनवर म्हणते, "आता पाहुण्याइले सांगताना तुह्या बाबाचा आवाज कसा मोठा झाला!" हे ऐकून बरं वाटतं. मग कुणाला बरं वाटतं, मला की बाबांना, हे शोधत बसतो. मॅडमना विचारायला हवं होतं, की दुसऱ्याच्या आनंदाला आपल्या वहीत गुण द्यायचे का.

चार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

 अक्षर खराब येत आहे, नंतर दुसऱ्या वहीत स्वच्छ लिहून काढीन.

दुपारी दुलीचंदभाऊंचा फोन. जंगलाला लागून असलेल्या एका गावी आज नाटक होतं. तिकडे वाघ फिरतो आहे. रात्री लोक घराबाहेर पडेनात, म्हणून गावाने नाटक दुपारीच ठेवलं. खड्ड्यात माझ्याऐवजी दुलीचंदभाऊ स्वतः बसले होते आणि चष्मा घरी राहिला होता.

"जागू, लफडं झालं! दोन पानं एकदम पलटली. बाप मेला, अन् सुटलेल्या पानावर अजून जिता आहे. लोक हसून राहिले. तुले पाठ आहे ना? बोल! मी फोन खड्ड्यात मोठ्यानं लावून ठेवतो."

मी म्हणालो, भाऊ, मी ड्यूटीवर आहे.

पलीकडून प्रेमिलाबाईंचा आवाज आला. त्या सुनेचं काम करतात, सहसा घाबरत नाहीत. "जागू भाऊ, मी इथं पदर धरून उभी आहो. मले काही तरी दे!"

मी काय करणार? त्या उभ्या होत्या!

मी म्हणालो, "नाथ, मला पदरात घ्या."

समोरच्या ट्रकच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

मी पाठ फिरवली आणि बोलत राहिलो. सून झाली. मुलगा आला. "हुंदका आवरत! बाबा, तुम्ही मला सोडून जाऊ नका!" जोरात बोलावं लागलं, तिकडे रेंज कमी होती. मागे वळून पाहतो तर ड्रायव्हर खाली उतरलेला, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलेलं. "भाई, पिताजी को क्या हुआ?"

"आजारी आहेत," मी फोनवर हात ठेवून म्हणालो. "नाटकात."

त्याला 'नाटकात' कळलं नसावं. त्याने मागच्याला सांगितलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. सगळे उतरून आले. एकाने पाण्याची बाटली दिली, एकाने खांद्यावर हात ठेवला. मी बाप झालो, खोकलो, सुनेला आशीर्वाद दिला, लगेच सून होऊन रडलो. तेव्हा त्यांना उमगलं काय चाललं आहे ते. मला वाटलं आता शिव्या पडतील. पण छत्तीसगडकडचा एक म्हातारा ड्रायव्हर उकिडवा बसला आणि म्हणाला, "फेर का होइस बाबू?"

पुढे काय झालं, एवढंच त्याला हवं होतं. एकेक करून इंजिनं बंद झाली. मी बोलत होतो. मला खरंच वेळेचं भान नव्हतं, मॅडम!

हॉर्न बंद झाले म्हणून साहेब बाहेर आले. एरवी हॉर्न वाजतात म्हणून येतात.

रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत. दांडा वर. साहेबांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाकरले. प्रसंग कामकाजाचा होता, तेव्हा शुद्ध मराठी.

"हे काय चाललं आहे? मिलच्या कामामध्ये असा... असा..."

"व्यत्यय," मी म्हणालो.

"व्यत्यय! हे मी मुळीच..."

"खपवून घेणार नाही."

"खपवून घेणार नाही! तुम्हाला आजपासून या कामातून आम्ही..."

थांबले. माझ्याकडे पाहू लागले. मामा काट्यावरून धावत येत होता, दोन्ही हात हलवत. सगळे ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होते. फोनमधून स्वप्निल ओरडत होता – "पुढं काय? जागू! पुढं काय बे!"

मी म्हणालो, "मुक्त करीत आहोत."

"मुक्त करीत आहोत!" साहेब म्हणाले.

"मुक्त करीत आहोत!" फोनमधून स्वप्निल म्हणाला, मरणाऱ्या बापाला. आणि तिकडे बापाने प्राण सोडला. टाळ्यांचा आवाज केबिनपर्यंत आला. इकडे छत्तीसगडच्या म्हाताऱ्याने डोळे पुसले.

मामा पोहोचला तेव्हा सगळं झालं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या बसने घरी. विचार एकच.

'ताकीद देत आहोत' म्हणता आलं असतं. अगदी बसलं असतं. 'समज देत आहोत' म्हणता आलं असतं. 'एक संधी देत आहोत' हेही होतं, साहेबांनी तेही तसंच आपटून म्हटलं असतं. शब्दांची मला कमी नाही. मग 'मुक्त' का आला?

मी तो निवडला नाही. विचार करायला वेळच नव्हता. भीतीने निवडला म्हणावं, तर भीतीने 'ताकीद' निवडला असता. शेजाऱ्यांनी निवडला म्हणावं, तर शेजारी सगळे ट्रकवाले होते आणि त्यांना बापाचं काय होतं एवढीच काळजी होती. मग उरतं कोण?

कालच्या दिवसाला दहा दिले. मग खोडले. नोकरी गेली त्या दिवसाला दहा देणं बरं दिसत नाही.

नऊ.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा: "साहेबानं काढलं का तू सोडली?"

मी खरं सांगितलं. साहेब अडकले होते, मी शब्द दिला.

बाबांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे तुले काढाचं, ते बी तूच सांगितलं? तुह्या तोंडानं?"

"हो."

"रुख्मा, ऐकलं का? पोट्टा दुसऱ्याची नोकरी बी करते अन् दुसऱ्याचं काढणं बी करते!"

आई स्वयंपाकघरात होती. आधी वाटलं रडते आहे. मग कळलं, हसू दाबते आहे. पण मग खरंच रडली. म्हणाली, "पोरगी किती गुणाची होती. किती चांगलं बोलली होती."

मामा माझा फोन उचलत नाही. यादोरावांचा निरोप त्याच्याकडून बाबांना आला – पोहे खाल्ले असं समजा.

मला पोह्यांचं वाईट वाटलं. म्हणजे हर्षाचं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

धीर करून तिला फोन केला. सगळं सांगितलं, पदरात घ्या इथपासून. ती इतकी हसली की फोन हातातून पडला. दुकानातले लोक विचारताना ऐकू आले, काय झालं, काय झालं.

मग शांत झाली. "बाबा नाही म्हणून राहिले," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणता?"

मी गप्प.

"या वेळी मी सांगणार नाही हं. तुमचं तुम्हीच बोला."

वहीत काही लिहिलेलं नव्हतं. पुढचं वाक्य कुठेच नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "मला नाटकात बसायचं आहे. आणि तुमच्याशी लग्न करायचं आहे. दोन्ही."

"एवढंच बोलाले इतका टाइम! अन् कंस नाही का?"

"घाबरत," मी म्हणालो.

मग तिने गेटबद्दल विचारलं. किती वाजता उघडतं, साहेब फार ओरडतात का, केबिनमध्ये पंखा आहे का. माझं मन रमावं म्हणून विचारत असावी. मी नीट सांगितलं. पंखा आहे, पण उजवीकडे वळत नाही, खुर्ची डावीकडे घ्यावी लागते. दांडा जड आहे, जुना आहे, टाचेने दाब द्यावा लागतो. ट्रकवाले वाईट नाहीत, पण रांग मोडतात.

"मोडतेत का?" ती म्हणाली. आवाज जरा वेगळा वाटला.

आठ. का ते माहीत नाही. लग्न तर मोडलेलंच आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वाघ अजून तिकडेच आहे. आजही प्रयोग दुपारी. मी खड्ड्यात. दुलीचंदभाऊंनी खाली टाकायला गादी दिली आहे, कापसाची. शेवटी स्वप्निल बापाला 'मुक्त करीत आहोत' म्हणतो, कारण मागे टाळी पडली होती. आता ते वहीत लिहून घ्यावं लागलं. कंसाबाहेर.

४ डिसेंबर, गुरुवार

हर्षाचा फोन. सोमवारपासून ती मिलच्या गेटवर रुजू आहे! साहेब मुलाखतीत अडकले तेव्हा ती नुसती बसून राहिली म्हणे. त्यांनी शेवटी स्वतःच शब्द शोधला. यादोराव आज आमच्याकडे येऊन गेले. नोकरी पक्की झाली, म्हणाले, तारीख काढा. बाबांनी विचारलं, कोणाची झाली? आई म्हणाली, तुम्ही चहा घ्या.

हर्षा म्हणाली, "तुम्ही बसा तिथंच, जिथं बसता. मले रविवारी सुट्टी राहते. दर रविवारी दिवसभर आपण दोघंच."

रविवारी आमचा प्रयोग असतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही.